उरलेले पाच परिच्छेद

५ मार्च

भाऊजी,

तुमची घडीची शिडी आमच्या गोदामात राहिली आहे, गेल्या जुलैपासून. परवा किल्ल्या आणायला गेले तेव्हा दाराआड उभी दिसली. कुणाबरोबर पाठवू ते कळवा, नाहीतर मीच तुमच्या ऑफिसवर आणून देते. ऑफिस बंद केलंत असं ऐकलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. खरं नसावं असं धरून चालते.

तुमच्या घरच्या ताई औषधाच्या दुकानात दिसल्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "गोळ्या असतील तेवढ्या द्या, पण लवकर द्या," आणि माझ्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून निघून गेल्या. तीस वर्षांत त्यांनी मला असं कधी ओलांडलं नव्हतं. हे गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या स्वयंपाकघरात त्याच उभ्या होत्या.

भाऊजी, तुमच्या मनात काही असेल तर ते काढून टाकावं म्हणून लिहिते आहे. पाच वर्षं तुम्ही आमच्या कंपनीचे ऑडिटर होतात आणि पुढची पाच वर्षंही तुम्हीच राहाल असं सगळे धरून होते. तुम्हाला पुन्हा नेमू नये, तुमच्या जागी दुसरा घ्यावा, अशी नोटीस माझ्या सहीने निघाली, हे खरं आहे. मुलाने कागद पुढे केला, मी सही केली. वाचला नव्हता. घरातल्या बाईपुढे रोज वीस कागद येतात, त्यातलाच एक.

आणि त्या नोटिशीला उत्तर म्हणून तुम्ही लिहिलेलं निवेदन मी वार्षिक सभेत वाचलं. फोनवर शब्द दिला होता तसंच. तुम्हाला कुणी वेगळं सांगितलं असेल तर त्या माणसाला सभेत डुलकी लागली असेल.

शिडीचं कळवा.

तुमची वहिनी

&nbsp;

१९ मार्च

भाऊजी,

पत्राला उत्तर नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, अर्धवट कागदावर तुम्ही शेरा मारत नाही. कागद परत पाठवता, पूर्ण करून आणा म्हणता. तेव्हा पूर्ण करते.

निवेदन वाचलं असं मी लिहिलं. सगळं नाही वाचलं.

तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून सांगते. कामगार जेवतात त्या हॉलमध्ये सभा होती, दरवर्षीसारखीच. टेबलं भिंतीला लावलेली, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा. मशीन बंद होती, तरी गरम प्लास्टिकचा वास भिंतींतून येतच होता. एकेचाळीस सभासदांपैकी तेहतीस आले होते. निम्मे नातेवाईक आणि निम्मे जुने कामगार, ज्यांना यांनी हौसेने शेअर दिले होते. "झाकणं ज्यांनी केली, कंपनी त्यांचीही," असं म्हणायचे ना? अध्यक्ष म्हणून मी समोर. नवीन ऑडिटर दुसऱ्या रांगेत, अत्तर लावून. तो मुलाबरोबर बॅडमिंटन खेळतो, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं.

तुमच्या निवेदनाच्या प्रती सभासदांना आधी टपालाने जायला हव्या होत्या. मुलगा म्हणाला, वेळ राहिला नाही. म्हणजे मग सभेत मोठ्याने वाचायचं, तसा तुमचा हक्कच होता. तुम्ही स्वतः येऊन बोलणारही होतात. आणि मी फोन केला. "भाऊजी, तुम्ही समोर उभे राहिलात तर मुलगा सगळ्यांदेखत कोसळेल. येऊ नका. मी वाचते, शब्द न् शब्द." तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमचं वाचन मी ऐकलंय. तुम्ही वाचलंत तर लोकांना समजेल तरी." हे आजारी असताना मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, तेव्हा तुम्ही दाराशी चप्पल न काढता उभे राहून ऐकायचात. त्या ऐकण्यावर विश्वास टाकून तुम्ही घरी बसलात.

दोन पानं होती. सहा परिच्छेद, प्रत्येकाला नंबर. पहिला मी वाचला. कंपनीच्या संस्थापकांनी टाकलेल्या विश्वासाबद्दल आणि सभासदांच्या सहकार्याबद्दल तुम्ही ऋणी आहात, वगैरे. चांगला वाचला. आवाज कुठे अडकला नाही.

दुसऱ्या परिच्छेदाचा पहिला शब्द 'मात्र' होता. तो मी डोळ्यांनी वाचला आणि कागदाची घडी घातली.

"आपण सगळे त्यांचे आभार मानू या," मी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुम्ही राजीखुशीने बाजूला होताय, असंच सगळ्यांना वाटलं. ठराव हात वर करून झाला. आमच्या सेक्रेटरीबाईंनी इतिवृत्तात लिहिलं, "मावळत्या ऑडिटरांचे निवेदन वाचून दाखवण्यात आले." खाली माझी सही आहे.

त्यानंतर गावात काय पसरलं ते मला आता कळतंय. 'स्वतःच्या मित्राच्या कंपनीने काढलं, आणि गड्याने चकार शब्द काढला नाही. कुठेतरी पाणी मुरत असणार.' आणखी दोन कंपन्यांनी तुम्हाला नको म्हटलं, ते यावरूनच ना?

मला क्षमा करा. त्या क्षणी काय झालं ते माझं मलाच कळलं नाही.

वहिनी

&nbsp;

८ एप्रिल

भाऊजी,

"माझं मलाच कळलं नाही" हे वाक्य मी मागच्या पत्रात लिहिलं आणि पोस्टात टाकून घरी येईपर्यंत त्याची लाज वाटायला लागली. अशी वाक्यं मी मालिकांत ऐकते. मला सगळं कळत होतं.

नोटीस वाचली नव्हती, हेही खोटं. तुम्ही ते पहिल्या ओळीतच ओळखलं असेल. मी पुड्याचा कागदही सोडून वाचणारी बाई. सातवीत शाळा सुटली, मग जे हाताला लागेल ते वाचत आले. बसची तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, यांच्या टेबलावरचे पेपर. यांची नजर गेल्यावर चार वर्षं कंपनीचा प्रत्येक कागद मीच त्यांना वाचून दाखवला. अवघड शब्द आला की ते अर्थ सांगायचे आणि म्हणायचे, "पुन्हा वाच, घाईत वाचलंस." 'विशेष सूचना' म्हणजे काय, ती सभासदाच्या सहीने का लागते, सभेच्या चौदा दिवस आधी का लागते, हे मला मुलापेक्षा जास्त माहीत होतं. मी ती नोटीस दोनदा वाचली आणि मग सही केली.

का, ते सांगते. तुम्ही त्या आठवड्यात अचानक गोदामात आला होतात. वर्षाचा अहवाल सही होऊन गेला होता, तपासायचं काही उरलं नव्हतं, तरी आलात. कामगार तुम्हाला शिडीवाले साहेब म्हणतात ते उगाच नाही. स्वतःचा थर्मास, स्वतःची शिडी. कंपनीचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मी कितीदा चिडवलं, "भाऊजी, आमच्या साखरेने तुमचा हिशेब गोड होईल की काय?" तर म्हणायचात, "वहिनी, मुंगी साखरेच्या दाण्यानेच आत येते."

दुखऱ्या गुडघ्याने तुम्ही वर चढलात आणि मागच्या रांगांतले खोके हलवून पाहिलेत. त्याच संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर जेवायच्या टेबलावर डोकं टेकून बसला. त्याने सांगितलं ते मी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, गोदामात जाऊन तुमचीच शिडी लावून वर चढले. ती तिथेच राहिली होती. साठीची बाई, साडीचा पदर खोचून. पुढच्या तीन रांगा भरलेल्या. त्यांच्या मागे खोकेच खोके, टेप मारलेले, शिक्के मारलेले, आणि आत नुसती हवा. मी एकेक बोटाने ढकलत गेले. सगळे सरकत होते.

म्हणजे सही करताना मला माहीत होतं, फोन करताना माहीत होतं आणि 'मात्र' या शब्दाशी थांबतानाही माहीत होतं.

मुलगा काय म्हणाला तेही लिहिते, नाहीतर पुन्हा अर्धंच होईल.

"आई, सहा महिने. मोठं गिऱ्हाईक सुटलंय, ते परत आणतो. तोवर गोदामात माल दिसला नाही तर बँक कर्ज परत मागेल. खोके भरले की संपलं. कुणाला कळायचं कारणच नाही."

"भाऊजींना कळलं ना?"

"काकांना कळलं, कारण काका चढतात! जगात कुठला ऑडिटर स्वतःची शिडी घेऊन येतो ते दाखव मला."

"ते सभासदांना सांगणारच. त्यांचं कामच आहे ते."

"म्हणून तर दुसरा माणूस आणायचा. आई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आपला तर धंदाच झाकणांचा!"

तो रडता रडता हसला, आणि भाऊजी, मीही हसले. सही, फोन, सभा या सगळ्याची लाज वाटते. पण त्या हसण्याची आठवण झाली की मी पोळपाट-लाटणं हातात असताना जागच्या जागी थांबते.

तो वाईट नाही, असं लिहावंसं वाटतंय. बापाच्या खुर्चीत बसला आणि ती मोठी निघाली. पण असं लिहून मी पुन्हा घडीच घालते आहे, तेव्हा पुरे.

ग्रंथालयातून कंपनी कायद्याचं पुस्तक आणलंय. ओळीखाली पट्टी धरून वाचते. ऑडिटर नेमायचे ते सभासदांनी, संचालकांनी मनाला येईल तसे नाहीत. मुदतीच्या मध्येच काढायचा तर सरकारची परवानगी, मोठं बहुमत आणि आधी त्याचं ऐकून घेणं. मुदत संपताना बदलायचा तरी आगाऊ नोटीस हवी, तिची प्रत त्याला हवी, त्याचं म्हणणं सगळ्यांना पाठवायला हवं, आणि वेळ नसेल तर सभेत वाचायला हवं. वाचता वाचता मला वाटलं, हे लिहिणाऱ्याला माझ्यासारख्या आया चांगल्या ठाऊक होत्या. एकेका भोकाला त्याने बूच मारलं आहे. वाचणारी बाई मध्येच थांबली तर काय, एवढंच त्याच्या मनात आलं नसावं. अशी कोण असेल, असं वाटलं असेल.

वहिनी

&nbsp;

२ मे

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. इथे उतरवून ठेवते, कारण मी ते इतकं वाचलंय की कडा मऊ झाल्यात.

"१. तिन्ही पत्रे मिळाली. २. कबुली चुकीच्या पत्त्यावर आली आहे. निवेदन मी सभासदांना लिहिले होते, तुम्हाला नाही. ३. सभेला न येणे ही माझी चूक. हजर राहणे माझे काम होते, मी ते मैत्रीवर सोडले. ४. शिडी ठेवून घ्या."

पहिल्यांदा मी चिडले. मोठ्याने म्हणाले सुद्धा, "माणूस आहे की रबरी शिक्का!" तीन पत्रं रडून लिहिली आणि उत्तर काय, तर एक-दोन-तीन-चार. ताईंनी सांगितलं असेल असं लिहायला, असंही मनात आलं. दोन दिवस कार्ड डब्याखाली दाबून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी उमगलं. तुम्हाला एकट्याला पत्रं लिहिण्यात माझं काय जात होतं? पाकीट बंद, वाचणारा एक, तोही सभ्य. तुम्ही "जाऊ द्या वहिनी" म्हणाला असतात की मी मोकळी. चव्हाट्यावर केलेलं पाप मी परसदारी धुवायला निघाले होते.

आता तुम्हाला माहीत नसलेलं एक सांगते. पॅकिंगच्या मावशी, सत्तावीस वर्षं आपल्याकडे होत्या, डाव्या हाताला चार बोटं असलेल्या, त्या गेल्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या. कंपनीने त्यांना द्यायची रक्कम त्यांनी घेतली नाही. "कंपनीतच राहू दे बाई, घरात आली तर जावई उडवेल," म्हणाल्या. त्यांचं पाहून आणखी दोघांनी तसंच केलं. तिघांची म्हातारपणाची काठी त्या रिकाम्या खोक्यांना टेकवलेली आहे. सभेत मी पुढचे पाच परिच्छेद वाचले असते तर ती तिथे टेकवली गेली नसती.

आणि सहा महिने कधीच संपले. गिऱ्हाईक परत आलं नाही. नवीन ऑडिटर एप्रिलात अर्धा दिवस आला. तीन वेळा चहा घेतला, गोदामाच्या उंबऱ्यात उभं राहून पेनाने हवेत रांगा मोजल्या आणि जेवायला मुलाबरोबर बाहेर गेला.

मी काल मुलाला सांगितलं. जुलैच्या सभेत मी ते निवेदन वाचणार. उरलेलं.

"कुठलं निवेदन?" त्याने विचारलं. विसरला नव्हता, विचारायचं म्हणून विचारलं.

"काकांचं."

"गेल्या वर्षीचं? आई, शिळ्या कढीला ऊत कशाला?"

"तोवर तुला वेळ आहे. तू आधी सांगितलंस तर मला वाचावं लागणार नाही."

"बँक येईल. पोलीस येतील. तुला कळतंय का, तू कुणाचं नाव घेणार आहेस?"

"माझंही घेणार आहे."

"तुझं काय जातं? तू म्हातारी बाई, विधवा. लोक म्हणतील, बिचारीला फसवलं मुलाने."

तेच तर, भाऊजी. तसं म्हणू द्यायचं नाही एवढं तरी मला करता आलं पाहिजे. तो उठून गेला. ताट तसंच. मी ते झाकून ठेवलं, आणि झाकताना स्वतःचाच राग आला.

या पत्राला उत्तर देऊ नका. पत्ता चुकीचाच आहे, पण सवय लागली.

वहिनी

&nbsp;

२८ जुलै

भाऊजी,

सभा काल झाली. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते, नुसतं घडलं तसं.

मुलाने आधी काही सांगितलं नाही. सकाळी गाडीत मला म्हणाला, "आई, आज तुला बरं नाही असं सांगू का?" मी म्हटलं, "मला बरं आहे."

हॉलमध्ये अडतीस जण होते. मावशी पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून. सेक्रेटरीबाईंनी विषयपत्रिका वाचायला घेतली तेव्हा मी उभी राहिले. "त्याआधी गेल्या वर्षीचं एक काम अपुरं राहिलंय," म्हणाले. सेक्रेटरीबाई माझ्या कानाशी आल्या, "काकू, हे विषयपत्रिकेत नाही." मी म्हटलं, "गेल्या वर्षी होतं." नवीन ऑडिटरने फोन खिशात घातला.

मी पहिला परिच्छेद पुन्हा वाचला, म्हणजे कुठे थांबले होते ते लोकांना कळावं. मग 'मात्र' म्हणाले. खोकले, पाणी प्यायले, पुन्हा वाचायला गेले तर ओळी हलायला लागल्या. यांनी सांगितलं असतं तेच मी केलं, बोट ठेवलं आणि तुमचा एकेक शब्द म्हटला: मागच्या आठ रांगांतील खोके रिकामे आढळले. हे व्यवस्थापकीय संचालकांच्या निदर्शनास आणले. त्यानंतर चार दिवसांत मला पुन्हा न नेमण्याची नोटीस आली. या दोन गोष्टींचा संबंध सभासदांनी स्वतः ठरवावा. माल स्वतः मोजून घ्यावा. माझी नेमणूक करा अथवा करू नका, पण मोजल्याशिवाय या कंपनीत कुणीही नवी रक्कम ठेवू नये.

पाचवा परिच्छेद तो होता, भाऊजी. तुम्ही तो मावशींसाठीच लिहिला होता, त्या निवृत्त व्हायच्या दोन महिने आधी. वाचताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहता आलं नाही.

वाचून झालं तेव्हा कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं, ओरडतील. चुलत दीर तेवढे म्हणाले, "घरातली भांडणं सभेत कशाला?" त्यांना मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसा खाली, तुमच्या घरातले नाहीत खोके."

मग मावशी उभ्या राहिल्या.

"बाई, हे गेल्या साली का नाही वाचलं?"

"माझा मुलगा आहे म्हणून."

"आम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

मला कळेना. "काय ठाऊक होतं?"

"खोके रिकामे आहेत ते. टेप कुणी मारली? आमच्याच हातांनी मारली. धाकटे साहेब म्हणाले मारा, मारली. रिकामा खोका उचलला की हाताला कळतो, त्याला शिडी लागत नाही."

"मग मावशी, तुम्ही तुमचे पैसे इथे ठेवलेत कसे?"

"तुमच्यामुळे." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "तुम्ही शिडीवर चढलात तेव्हा मी दाराबाहेर डबा खात होते. तुम्ही वर गेलात, ढकलून ढकलून बघितलंत, खाली आलात. मी म्हटलं, आता बाई बोलतील. सभा झाली, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. म्हटलं, बाईंनी डोळ्यांनी बघितलंय आणि तरी निवांत आहेत, म्हणजे बाईंनी काहीतरी सोय केली असणार. यजमानांच्या माघारी बाई खोटं कशाला वागतील? मी कागद वाचून नाही ठेवले पैसे. तुमचं तोंड बघून ठेवले."

भाऊजी, मी वर्षभर समजत होते की मी गप्प बसले. मी गप्प नव्हतेच. तुम्हाला ज्या कामावरून काढलं ते काम मी माझ्या चेहऱ्याने करत होते, आणि खोटी सही देत होते.

मावशी बसल्या नाहीत. उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हणाले, "सोय काहीच केली नव्हती." त्या म्हणाल्या, "हां," आणि मग बसल्या.

मुलगा इतका वेळ खिडकीजवळ उभा होता. तो पुढे आला. कोसळला नाही. वर्षापूर्वी मी तुम्हाला ज्या भीतीने घरी बसवलं, ती भीतीसुद्धा खरी नव्हती. तो म्हणाला, "आठ नाही, आता अकरा रांगा आहेत." आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तिथून सगळे गोदामात गेले. पॅकिंगच्या बायकांनी साखळी केली आणि खोके हातोहात खाली आले. भरलेले डावीकडे, रिकामे उजवीकडे. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळी पाचपर्यंत उजवीकडचा ढीग दारापर्यंत आला होता.

बँकेला आज सकाळी मुलाने स्वतः फोन केला. पुढे काय होईल ते होईल. तिघांचे पैसे आधी, असा ठराव झालाय. माझे शेअर आणि घराचा वरचा मजला त्यासाठी दिलाय. ते सांगायची गोष्ट नाही, पण तुम्ही विचारलंच असतं. मुलगा माझ्याशी बोलत नाही. जेवतो.

नवीन ऑडिटरने आज राजीनामा पाठवला. कारण द्यावं लागतं ना. त्याने लिहिलंय, "इतर कामांचा वाढता व्याप." मी ते फळ्यावर लावायला सांगितलं. लोक वाचून हसले. कालपासून पहिल्यांदाच कुणी हसलं.

इतिवृत्त मी काल तिथेच लिहून घेतलं. मावशींचा प्रश्न आणि माझं उत्तर त्यात शब्दशः घाला म्हणाले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काकू, असं लिहीत नाहीत. 'चर्चा झाली' एवढं पुरतं." मी म्हटलं, "चर्चा झाली नाही. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं." त्यांनी लिहिलं, "अध्यक्षांनी उत्तर दिले : माझा मुलगा आहे म्हणून." सही केली आणि अध्यक्षपद सोडलं. प्रत सोबत आहे. ज्या कंपन्यांनी तुम्हाला नको म्हटलं, त्यांनाही एकेक प्रत टाकली आहे. तुम्हाला न विचारता टाकली. राग आला तर येऊ द्या.

आता ऑडिटरची जागा रिकामी आहे. सभासदांनी एकमताने ठरवलंय की तुम्हालाच विचारायचं. मी त्या चर्चेत बोलले नाही, मला तोंड नव्हतं. ते पत्र मावशींच्या सहीने येईल, चार बोटांच्या हाताने दाबून धरलेल्या कागदावर थोडी वाकडी सही असेल. माझ्याकडे बघून उत्तर देऊ नका, हो किंवा नाही. नाही म्हणालात तर कारण लिहा. कितीही परिच्छेद होऊ देत. ते सभेत शेवटपर्यंत वाचलं जाईल.

वाचणारी मी नसेन.